संदर्भांची मोजदाद आणि दुधाचे तापमान

विद्वत्तेची गणती करण्याचा एक नवा प्रघात अलीकडे आपल्याकडे चांगलाच रुजला आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी २०१९ पासून जगातील शास्त्रज्ञांची एक यादी प्रसिद्ध करीत आले आहेत. एखाद्याच्या शोधनिबंधांचा इतरांनी आपापल्या निबंधांत संदर्भ म्हणून किती वेळा उल्लेख केला, या मोजदादीवर ती बेतलेली असते आणि त्या त्या विषयातील वरच्या दोन टक्क्यांना तीत स्थान मिळते. यादी आली की महाविद्यालयांच्या फाटकांवर अभिनंदनाचे फलक झळकतात, वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात, शाल-श्रीफळ होते. सन्मानित प्राध्यापकाने नेमके कशावर काम केले, हे मात्र त्या फलकावर क्वचितच लिहिलेले असते. ‘इतके हजार सायटेशन्स’ एवढ्यावर सर्वांचे समाधान होते.

या मोजदादीला सरसकट नावे ठेवावीत असा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. पण ती कोठे लागू पडते आणि कोठे पडत नाही, हे जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत राहणाऱ्या माणसाला आपल्या अवतीभवती पाहून तपासता येते. त्यासाठी एक उदाहरण फार सोयीचे आहे. ते म्हणजे अवस्थांतर करणाऱ्या पदार्थांचे, शास्त्रज्ञ ज्यांना ‘फेज चेंज मटेरिअल्स’ म्हणतात त्यांचे, संशोधन.

खोबरेल आणि बर्फ

नाव भारदस्त असले तरी वस्तू घरातलीच आहे. पौष महिन्यात शिवनेरीच्या आसपास पहाटे हुडहुडी भरते तेव्हा खोबरेल तेल बाटलीत पांढरेफटक गोठून बसते आणि आंघोळीपूर्वी ती बाटली उन्हात नाही तर कोमट पाण्यात ठेवावी लागते. खोबरेल २४-२५ अंशांच्या सुमारास वितळते. वितळत असताना ते उष्णता शोषत राहते, परंतु सारे वितळून होईपर्यंत त्याचे तापमान जवळजवळ वाढत नाही. शाळेत ‘अप्रकट उष्मा’ म्हणून शिकवतात तो हाच. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते; तेवढ्याच उष्णतेत तेच एक ग्रॅम पाणी शून्य अंशावरून ८० अंशांपर्यंत तापले असते. थोडक्यात, पदार्थ घनाचा द्रव आणि द्रवाचा घन होत असताना थोड्या जागेत पुष्कळ उष्णता अथवा थंडी साठवतो आणि तीही एका ठरावीक तापमानाला. मेण, काही क्षार, चरबीपासून मिळणारी आम्ले असे शेकडो पदार्थ या कामासाठी तपासले गेले आहेत. योग्य तापमानाला वितळणारा, भरपूर उष्मा साठवणारा, विषारी नसलेला, स्वस्त आणि हजारो वेळा वितळून-गोठूनही न थकणारा पदार्थ शोधणे, हे या क्षेत्रातील पदार्थवैज्ञानिकांचे काम.

याचा आपल्या तालुक्यांशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध दुधाचा आणि टोमॅटोचा आहे.

मंचरजवळ अवसरी फाट्याला १९९२ पासून दुधाचा मोठा उद्योग उभा राहिला. त्याखेरीज जिल्हा संघाच्या आणि खाजगी संकलकांच्या गाड्या ओतूर-आळ्यापासून घोडेगावपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ फिरतात. केंद्रावर दूध येते तेव्हा ते ३५ अंशांच्या आसपास असते. ते लवकरात लवकर ४ अंशांपर्यंत उतरवले नाही तर त्यातील जिवाणू झपाट्याने वाढतात, दूध नासते किंवा त्याची प्रत उतरते आणि भाव कापला जातो. आता गणित करून पाहा. हजार लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणायला जी उष्णता काढून घ्यावी लागते, ती पावणेचारशे किलोच्या आसपास बर्फ वितळण्याइतकी असते. हे काम यंत्राने दूध येईल त्याच तासाभरात करायचे म्हटले तर यंत्र मोठे हवे आणि नेमकी त्याच वेळी वीज हवी. ग्रामीण भागात वीज कोणत्या घटकेला असेल हे आपल्या हाती नसते, म्हणून केंद्रावर जनित्र येते आणि डिझेलचा खर्च दर लिटरमागे येऊन बसतो. वीज असेल त्या वेळी, मग ती मध्यरात्र का असेना, एका टाकीत थंडी साठवून ठेवता आली तर लहान यंत्रावर काम भागते. विजेची साठवण बॅटरीत न करता बर्फात करायची, एवढाच हा विचार आहे.

दुधाला बर्फ चालतो. टोमॅटोला चालत नाही, आणि येथेच पदार्थवैज्ञानिकाची खरी गरज लागते. टोमॅटो साधारण दहा अंशांच्या खाली फार काळ राहिला तर त्याला थंडी बाधते. तो नीट पिकत नाही, डाग पडतात, चव जाते. त्याला शून्य अंशावर वितळणारा बर्फ नको, दहा-बारा अंशांवर वितळणारा पदार्थ हवा. द्राक्षाला पुन्हा शून्याजवळची थंडी हवी, लसीला दोन ते आठ अंश. प्रत्येक मालाला त्याच्या त्याच्या तापमानाचा ‘बर्फ’ शोधावा लागतो.

नारायणगावच्या बाजारात जुलै २०२३ मध्ये वीस किलोंच्या टोमॅटोच्या क्रेटला दोन हजार रुपयांहून अधिक भाव मिळाला, त्याची हकीकत देशभरच्या वृत्तपत्रांत झळकली. मंदीच्या दिवसांत हाच टोमॅटो तोडणीची मजुरीही निघत नाही म्हणून शेतात सोडून द्यावा लागतो, हे झळकत नाही. माल बाजारात आणल्यावर तो विकल्यावाचून परत नेता येत नाही, ही विक्रेत्याची सर्वांत मोठी दुर्बलता. खरेदीदाराला ती पुरेपूर ठाऊक असते. चार दिवस माल थोपवून धरण्याची सोय झाली म्हणजे शेतकरी श्रीमंत होतो असे नव्हे. साऱ्या देशात पीक उदंड आले असेल तर चार दिवसांनीही भाव पडलेलाच राहील. परंतु आजचा दर आणि परवाचा दर यांत निवड करण्याची मुभा मिळणे ही अर्थशास्त्राच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

पुण्यातील इकोझेन या कंपनीने शेतावर ठेवता येणारी सौर शीतगृहे बनवली आहेत आणि त्यांत थंडी साठवण्याची योजना आहे. प्रॉमेथियन ही कंपनीही पुण्यातूनच, गावच्या केंद्रावर दूध तत्काळ थंड करणारी, थंडीचा साठा बाळगणारी यंत्रे बनवू लागली. म्हणजे विषय निव्वळ प्रयोगशाळेतला राहिलेला नाही.

इंदूरचे दोन निबंध

आता या विषयाच्या शास्त्रीय वाङ्मयाकडे वळू. २००९ साली ‘रिन्युएबल अँड सस्टेनेबल एनर्जी रिव्ह्यूज’ या नियतकालिकात अवस्थांतरी पदार्थांतील औष्णिक साठवणुकीचा आढावा घेणारा एक निबंध प्रसिद्ध झाला. अतुल शर्मा, व्ही. व्ही. त्यागी, सी. आर. चेन आणि डी. बुद्धी हे त्याचे लेखक. यांपैकी बुद्धी हे इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठातील औष्णिक साठवण प्रयोगशाळेचे. शर्मा यांचेही आधीचे काम त्याच प्रयोगशाळेशी जोडलेले. हा निबंध त्यांनी तैवानमधील विद्यापीठातून लिहिला. या निबंधाचा उल्लेख जगभरच्या संशोधकांनी हजारो वेळा केला आहे आणि या विषयातील सर्वाधिक उल्लेखिल्या गेलेल्या निबंधांत त्याची गणना होते. होळकरांच्या राजधानीतल्या, फारशा साधनसंपन्न नसलेल्या एका विद्यापीठीय प्रयोगशाळेचे नाव बर्लिन-बीजिंगच्या संशोधकांच्या टिपांत जाऊन बसावे, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

पण त्याच प्रयोगशाळेचा आणखी एक निबंध आहे. तो २००२ चा. त्यात अतुल शर्मा, एस. डी. शर्मा आणि बुद्धी यांनी ॲसेटामाइड, स्टिअरिक आम्ल आणि पॅराफिन मेण हे तीन पदार्थ पुन:पुन्हा, दीड हजार वेळा वितळवले आणि गोठवले, आणि त्यांचा द्रवणांक व साठवणशक्ती यांत कितपत बदल होतो ते मोजले. विशेष म्हणजे हे पदार्थ प्रयोगशाळेसाठी शुद्ध केलेले महागडे नव्हते, बाजारात मिळतात त्या प्रतीचे होते. कंटाळवाणे काम. पदार्थ वितळवायचा, गोठवायचा, नोंद करायची, पुन्हा वितळवायचा. परंतु शीतपेटी किंवा सौर तापक विकत घेणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न याच कामात आहे: हे किती दिवस टिकेल? साठवणूक रोज एकदा भरते व एकदा रिकामी होते असे धरले तर दहा वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक आवर्तने होतात.

हा प्रश्न किती जीवघेणा ठरू शकतो याचे उदाहरण जुने आहे. हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञ मारिया टेल्केस यांनी १९४८ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील डोव्हर येथे सूर्याच्या उष्णतेवर चालणारे घर उभारले. ग्लाउबर क्षार या, ३२ अंशांच्या सुमारास वितळणाऱ्या स्वस्त क्षाराचे सुमारे २१ टन त्यासाठी भिंतींआडच्या पिंपांत भरले होते. पहिले दोन हिवाळे घर उबदार राहिले. पुढे क्षाराचे थर वेगळे होऊ लागले, तो पूर्वीसारखा गोठेना, पिंपे गंजली आणि शेवटी घरात साधी भट्टी बसवावी लागली. कागदावर ग्लाउबर क्षाराचे गुण आजही उत्तम आहेत.

तर, दीड हजार आवर्तनांच्या त्या निबंधाला मिळालेले संदर्भ २००९ च्या आढाव्याच्या मानाने फारच थोडे आहेत. तोही दुर्लक्षित राहिला असे नव्हे. पण दोहोंतील अंतर मोठे आहे. लेखक बव्हंशी तेच, विषय तोच, आणि तरीही हे अंतर पडावे याचे कारण गुणवत्तेत नाही, उपयोगाच्या प्रकारात आहे. आढावा-निबंध नव्याने निबंध लिहिणाऱ्याला उपयोगी पडतो. प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात ‘या विषयावर पुष्कळ काम झाले आहे’ असे म्हणून त्याकडे बोट दाखवता येते. टिकाऊपणाची मोजणी यंत्र बनवणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला उपयोगी पडते. आणि हे दोघे निबंध लिहीत नाहीत.

सारा मुद्दा येथे आहे. संदर्भांची संख्या ही लिहिणाऱ्यांनी लिहिणाऱ्यांना दिलेली पावती आहे. ती खोटी नसते. पण जो वापरतो आणि लिहीत नाही, त्याच्याकडून पावती येण्याची व्यवस्थाच तीत नाही. दूध संकलन केंद्राच्या चालकाने एखाद्या शास्त्रज्ञाच्या आकड्यावर विसंबून टाकी बसवली, त्याचे डिझेल वाचले, तर त्या शास्त्रज्ञाच्या खात्यावर एकही संदर्भ जमा होत नाही. उलट ती टाकी वर्षभरात निकामी झाली तरी त्याचा एकही संदर्भ कमी होत नाही.

खोडदची दुर्बीण

याला उलटी बाजू आहे आणि ती आपल्याच तालुक्यात उभी आहे. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि चिकाटीतून ती साकारली. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर वेळ मागतात. तिच्यामुळे जुन्नरच्या शेतकऱ्याचा काय फायदा झाला, असे विचारणारे अधूनमधून भेटतात. हा प्रश्न मला गैरलागू वाटतो. दूरच्या दीर्घिकेतून येणाऱ्या हायड्रोजनच्या क्षीण लहरींचा अभ्यास जो वापरणार तो खगोलशास्त्रज्ञच. वापरणारा आणि लिहिणारा एकच. तेथे संदर्भांची संख्या हे बऱ्यापैकी न्याय्य माप आहे. थंडी साठवणाऱ्या मेणाचे तसे नाही. तेच माप खोडदच्या तबकडीला आणि मंचरच्या दुधाच्या टाकीला लावणे म्हणजे सोन्याच्या तराजूवर कांद्याची गोणी चढवण्यासारखे आहे. तराजूत दोष नाही.

हे माप मुळात निघाले ते वेगळ्याच कामासाठी. फिलाडेल्फियाच्या युजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ नियमित प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला तो ग्रंथपालांच्या आणि संशोधकांच्या सोयीसाठी: एक जुना निबंध हाती असेल तर त्यावर पुढे कोणी काय लिहिले हे शोधता यावे. पुढे १९७५ पासून नियतकालिकांचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ निघू लागला आणि २००५ मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने प्रत्येक माणसासाठी एक आकडा काढण्याची युक्ती सुचवली. शोधण्याची सूची ही जोखण्याची पट्टी झाली. गारफील्ड यांनी स्वतः या वापराबद्दल वारंवार सावध केले होते. ते कोणी फारसे मनावर घेतले नाही.

का घेतले नाही, याचे उत्तर मात्र आपण प्रामाणिकपणे द्यावयास हवे. आपल्याकडे नेमणुका आणि बढत्या कशा होत आल्या हे शिक्षकांच्या खोलीत बसणाऱ्या कोणालाही समजावून सांगण्याची गरज नाही. शिफारस, नातेगोते, संस्थाचालकांची मर्जी, मुलाखतीच्या आदल्या रात्रीचे फोन. या पार्श्वभूमीवर एक कोरडा आकडा, जो कोणाच्या मर्जीने बदलत नाही, हा पुष्कळांना आधार वाटला आणि तो आधार खोटाही नव्हता. ज्याच्यामागे कोणी नाही अशा ग्रामीण महाविद्यालयातील शिक्षकाला ‘माझे हे काम बघा’ असे म्हणता येऊ लागले. इंदूरच्या प्रयोगशाळेला जे नाव मिळाले तेही याच आकड्याने. म्हणून ‘मोजणी बंद करा’ अशी हाक देणाऱ्यांत मी सामील होऊ शकत नाही. मोजणी बंद झाली की रिकामी जागा गुणवत्ता भरून काढील, असा भाबडेपणा आपल्या अनुभवाला धरून नाही.

खोट्या नाण्याचा बाजार

तथापि, आकड्यावर पगार आणि पद अवलंबून राहिले की आकडा बिघडतो. चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये चलनपुरवठ्याच्या संदर्भात हे निरीक्षण नोंदवले: एखाद्या निर्देशकावर नियंत्रणासाठी भिस्त ठेवली की त्याचा पूर्वीचा अर्थ ढासळू लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत शिक्षकांच्या बढतीसाठी गुणांची बेरीज आणली. पुढच्या २०१८ च्या नियमावलीतही निबंधांना गुण आहेत आणि नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरबरोबर ते वाढत जातात. मागणी निर्माण झाली, पुरवठा आला. आठवडाभरात निबंध छापून देणारी, शुल्क आधी घेणारी नियतकालिके गल्लोगल्ली उगवली. त्यांची निमंत्रणे अर्थशास्त्राच्या शिक्षकाला येतात तशीच वनस्पतिशास्त्राच्याही येतात, मजकूर तोच.

या रोगाची तपासणी पुण्यातच झाली हे नमूद करावयास हवे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत निरनिराळ्या विद्यापीठांच्या शिफारशीवरून जी नियतकालिके आली होती, त्यांतील नमुना त्यांनी तपासला आणि ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट दर्जाची असू शकतात असा निष्कर्ष काढला. त्यातून ‘केअर’ ही नवी यादी २०१९ मध्ये निघाली. तिचे काम पुण्याच्याच विद्यापीठात चाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केल्याचे जाहीर केले आणि चांगले-वाईट ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. जॉर्ज अकरलॉफ यांचा वापरलेल्या मोटारींच्या बाजारावरील निबंध आम्ही पदव्युत्तर वर्गात शिकवतो: खरेदीदाराला खऱ्याखोट्याची पारख नसेल तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकतो. १९७० मध्ये छापून येण्यापूर्वी हा निबंध तीन नामांकित नियतकालिकांनी नाकारला होता; २००१ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या विद्यार्थ्यांना तो शिकवताना आता उदाहरण मोटारींचे द्यावे की नियतकालिकांचे, असा प्रश्न पडतो.

उघड लबाडीपेक्षा मला अधिक चिंता वाटते ती प्रामाणिक माणसाच्या वाकलेल्या दिशेची. तरुण संशोधकाला दोन वाटा दिसतात. एक, मेणात धातूच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मिसळून ते किती लवकर वितळते हे काचेच्या भांड्यात पाहणे. काही महिन्यांत निबंध होतो, विषय चलनी आहे, संदर्भ मिळतात. दुसरी, घोडेगावच्या एखाद्या केंद्रावर वर्षभर तापमापक लावून टाकी उन्हाळ्यात कशी वागते, पावसाळ्यात कशी, वीज किती लागली, डिझेल किती वाचले हे नोंदवणे. याला वर्ष जाते, गाडीभाडे पदरचे, आणि शेवटी जे हाती येते त्याला ‘नावीन्य नाही’ म्हणून परत पाठवण्यात येते. पोटापाण्याचा विचार करणारा माणूस कोणती वाट धरील? त्याला दोष देता येत नाही. परिणाम असा की पदार्थांविषयी निबंधांचे ढीग साचतात आणि आपल्या हवेत, आपल्या विजेवर, आपल्या दुधाशी तो पदार्थ पाच वर्षे कसा वागला याची नोंद हवी तेव्हा सापडत नाही. बँकेचा अधिकारी कर्ज देताना याच नोंदी मागतो. सहकारी संस्थेच्या संचालक मंडळालाही याच हव्या असतात. त्या नसल्या की विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर विसंबावे लागते.

दुसरी खातेवही

ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाचे सरकारी मूल्यमापन होते. त्यात २०१४ पासून विद्यापीठाबाहेर पडलेल्या प्रभावाला २० टक्के आणि २०२१ मध्ये २५ टक्के वजन देण्यात आले. संशोधनाचा कोणाला काय उपयोग झाला याची पुराव्यासह हकीकत लिहून द्यावी लागते. तेथेही आता ती हकीकत रंगवून लिहिणारे तयार झाले आहेतच. गुडहार्टसाहेबांपासून सुटका नाही. तरीही पुरावा द्यावा लागणे आणि पुराव्याला जागाच नसणे यांत फरक आहे.

आपल्याकडे याची सुरुवात दिल्लीहून व्हावी अशी वाट पाहण्याचे कारण नाही. अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय २००९ पासून आहे. दुधाचा मोठा उद्योग अवसरी फाट्याला आहे. नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे, टोमॅटोचा बाजार आहे. मंचर, जुन्नर, ओतूर, आळे, घोडेगाव येथे कला-वाणिज्य-विज्ञानाची महाविद्यालये आहेत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी तापमान मोजावे, सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी दुधाची तपासणी करावी, आणि वाणिज्य-अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जनित्राच्या डिझेलच्या पावत्या, विजेची देयके आणि नापास झालेल्या दुधाच्या नोंदी जुळवून लिटरमागे खर्च काढावा. तापमान नोंदणारी साधी उपकरणे आता काही हजार रुपयांत मिळतात. एका केंद्रावर बर्फाची टाकी, दुसऱ्यावर नुसते जनित्र. एक पूर्ण वर्ष, म्हणजे मार्च-एप्रिलची काहिली आणि आषाढातला दमटपणा दोन्ही त्यात यावेत. अर्थात केंद्रचालकाने आपल्या वह्या उघड्या कराव्यात यासाठी त्याचा विश्वास मिळवावा लागेल आणि ते काम उपकरण बसवण्याहून अवघड आहे. नापास दुधाचा आकडा कोणी सहजासहजी दाखवत नाही.

अडचण पैशाची नाही, अर्जातल्या रकान्याची आहे. शिक्षक दरवर्षी जो मूल्यमापनाचा अर्ज भरतो त्यात अशा वर्षभराच्या मोजणीला, ती सर्वांना पाहण्यास खुली केली आणि दुसऱ्या महाविद्यालयातील शिक्षकाने जागेवर येऊन पडताळली, तर एका मान्यवर नियतकालिकातील निबंधाइतके गुण द्यावेत असा ठराव विद्यापीठाच्या विद्या परिषदेत मांडता येईल. अहवाल मराठीतही असावा, कारण तो वाचणारा केंद्रचालक आहे. मोजणीत टाकी अयशस्वी ठरली तरी गुण तेवढेच मिळावेत. डोव्हरच्या घराचा तिसरा हिवाळा कोणी मोजून लिहिला म्हणूनच पुढच्यांना क्षाराचे थर कसे सुटतात ते कळले. पडताळणीस येणाऱ्या शिक्षकाचा प्रवासखर्च कोणी द्यावा, हा प्रश्न परिषदेत पहिल्या पाच मिनिटांत उपस्थित होईल. मंचरहून ओतूरचे एस.टी.चे भाडे धरून हिशेब केला तर वर्षाला चार भेटींचा खर्च एखाद्या शुल्क घेणाऱ्या नियतकालिकाला आपण एका निबंधापोटी देतो त्याहून जास्त होणार नाही.